प्लेटच्या मागे

सोमवार, ३ मार्च, दुपार

ताई,

फाडू नकोस. माझं अक्षर पाहून तुझे हात शिवशिवतील, मला कल्पना आहे. तुझी पाच पत्रं मी न फोडता परत पाठवली. दरवर्षी माझ्या वाढदिवसाला एक, आणि मी दरवर्षी पाकिटावर 'घेण्यास नकार' असं मोठ्या अक्षरात लिहून पोस्टमनच्या हातात दिलं. तेव्हा आता तू हे फाडलंस तर फिट्टंफाट होईल. पण आज फाडू नकोस. माझं डोकं इतकं ठिकाणावर नाही की सकाळी मी रोलर पुट्टीच्या डब्यात बुडवला.

मी त्या खोलीत जाऊन आले. हो, त्याच. घरमालकीणबाईंनी मला दुकानाबाहेर गाठलं. म्हणाल्या, "तीन वर्षं पोलिसांचं सील होतं, पुढची तीन वर्षं भाडेकरू दारातूनच पळतात. खोली काही मी रिकामी ठेवून पोसू शकत नाही. निदान रंग तरी बदलून दे. त्या रंगाची घाण तूच केली होतीस ना?" बाईंची जीभ अजून तशीच आहे. मी नाही म्हणणार होते. मग वाटलं, सहा वर्षं ज्या खोलीला घाबरतेय तिच्यावर एकदाचे दोन हात मारून टाकावेत.

आईला सांगितलं नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पाठोपाठ काढलाय. काळा चष्मा लावून बसलेली असते, वाचायचं नाही, बारीक बघायचं नाही, महिनाभर असंच. म्हणून सध्या दुकान मी एकटीच बघते.

तर ऐक. मी मेन स्विच बंद केला आणि सवयीप्रमाणे स्विचबोर्डची प्लेट उघडली. प्लेटच्या कडेने ब्रश फिरवणारा रंगारी नव्हेच, हे आईने आपल्याला पाटीवरच्या अक्षरांआधी शिकवलं. प्लेट काढायची, मागे रंगवायचं, आणि वाळल्यावर तिथे पेन्सिलीने लिहायचं: तारीख, मिश्रण, आणि ज्याने रंग लावला त्याची खूण. दहा वर्षांनी कोणी बोलावलं तरी तोच रंग जुळला पाहिजे. आईचा गोल, तुझी उभी रेघ, माझा ठिपका.

प्लेटमागच्या खोक्याच्या वर, भिंतीवर माझी ओळ होती. तेरा तारीख, पांढऱ्यात किती पिवळा, किती काळा, आणि ठिपका. माझा वायरमन, लग्न ठरलेला, मागे उभा राहून म्हणाला होता, "आपल्या घराची जन्मपत्रिका लिहितेस का?" ते ठीक. पण खोक्याच्या खाली दुसरी ओळ होती. वर जागा उरली नव्हती म्हणून खाली लिहिलेली. तेच मिश्रण. तारीख सतरा.

सतरा, ताई. ज्या दिवशी वायरमनला मारलं तो दिवस. आणि पुढे खूण गोल.

मी खाली बसले. तू कोर्टात म्हणालीस, मी मारलं, मी भिंतीवरचं रक्त पुसलं, मीच वरून रंग दिला. मग तुझी रेघ कुठे आहे? आणि आईचा गोल तिथे काय करतोय? तो सात आईचाच आहे. खाली येऊन पुन्हा वर वळतो, शेपूट उडवल्यासारखा. जगात असा सात कोणी काढत नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीय आपण. मी फोटो काढलाय. पत्र तुरुंगातल्या बाई आधी वाचतात, वाचू देत. लगेच उत्तर पाठव.

ठिपकी


शनिवार, ८ मार्च, सकाळ

ताई,

उत्तर आलं नाही. मला धीर नाही हे तुला माहीत आहे. लहानपणी प्रायमर वाळायच्या आत बोट लावून बघायचे आणि मार खायचे.

मी वकीलबाई गाठल्या. काल दोन तास त्यांच्या ऑफिसात होते. लहानसं ऑफिस, भिंतीला ओल, वर कोणीतरी बिनडोकपणे ऑइल पेंट फासलाय. मी तेच बघत बसले तर त्या म्हणाल्या, "भिंतीचं नंतर बघू, आधी बहिणीचं सांगा." सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, नुसता फोटो चालणार नाही, फोटो आजकाल कोणीही बनवतं. कोर्टाचा हुकूम आणू, पंच, अक्षरतज्ज्ञ, सगळे मिळून ती प्लेट उघडू. तोवर तुम्ही तिला हात लावायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या बहिणीने कबुली मागे घेतल्याच्या कागदावर सही केली पाहिजे. तिची कबुली उभी असेपर्यंत भिंत काय ओरडेल ती ओरडो.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. "त्या दिवशी आई दिवसभर तुमच्या नजरेसमोर होती, असं तुम्हीच साक्षीत सांगितलंत ना?"

सांगितलं होतं. ताई, तुला ते वाक्य तोंडपाठ असेल, तू पिंजऱ्यात उभी होतीस. आम्ही दोघी शाळेचं काम करत होतो. आई तळमजल्यावर, मी तिसऱ्या मजल्यावर. नजरेसमोर कसली असणार? आई म्हणाली होती, "एकाच इमारतीत होतो म्हणजे एकत्रच होतो. उगाच फाटे फोडू नकोस, पोलीस घोळ घालतील." आणि तोवर तू कबूल झाली होतीस. मला वाटलं, एवढ्याशा शब्दाने कोणाचं काय बिघडतंय.

दुसरंही सांगते, आज सगळं सांगायचंच ठरवलंय. मी तिसऱ्या मजल्यावरही काम करत नव्हते. झोपले होते. बाकांवर टाकायच्या कापडाखाली, शेवटच्या वर्गात, चांगली दोन तास. लग्नाच्या धावपळीत जीव मेटाकुटीला आला होता. आईला कळलं तर सोलून काढेल म्हणून कोणालाच बोलले नाही. त्या दोन तासांत आई कुठे होती ते मी कसं सांगणार?

वायरमन त्या सकाळी म्हणाला होता, "तुझ्या आईशी आज बोलून टाकतो." त्या खोलीत थोडे दिवस राहून आम्ही दुसऱ्या शहरात जाणार होतो, स्वतःचं दुकान काढायला. मला वाटलं, त्याला तिच्याशी बोलायला वेळच मिळाला नाही.

हे लिहितेय आणि आई समोर खुर्चीत बसलीय. आत्ताच विचारलं, "काय खरडतेस गं?" म्हटलं, सामानाची यादी. "एवढी लांब? राजवाडा घेतलास का रंगवायला?" मी हसले. तीही हसली. ताई, तिचं हसू किती छान आहे, आणि मला मानेवर कोणीतरी बर्फ ठेवल्यासारखं झालं.

ठिपकी


शुक्रवार, १४ मार्च, दुपार

ताई,

आलं. तुझं पत्र आलं. चारच ओळी, पण तुझ्या हातच्या. दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून वाचलं.

"प्लेट परत बसव. वरून एक हात मार आणि विसर. मी ज्यासाठी इथे आले ते वाया घालवू नकोस. तुला मी कधीच दोष दिला नाही, देणारही नाही. इथे बरी आहे, स्वयंपाकघराची भिंत मीच रंगवली."

भिंतीबद्दल वाचून हसू आलं. मग पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

मला दोष? कशाबद्दल? साक्षीबद्दल म्हणतेस का? पण साक्षीचं तर मी आत्ता लिहिलं, आणि ते पत्र मिळायच्या आधीचं हे वाटतं. तू तर गेली सहा वर्षं मला दोष देत नाहीयेस असं म्हणतेस. अगं, दोष मी तुला देत होते. तू माझा माणूस मारलास. थोरलीचं राहिलं आणि धाकटीचं ठरलं म्हणून जळलीस, असं वकील बोलला, शेजारी बोलले, आणि मीही मानलं. कसं मानलं, विचारू नकोस. तू मला वर्षभर स्वतःच्या पैशाने चपला घेऊन दिल्या होत्यास, कारण माझ्या शिडीवरून घसरायच्या. ती तू जळशील? पण आई रोज सांगायची. "तिचं नाव घेऊ नकोस. तिनं तुझं घर बसायच्या आधी मोडलं. पत्र आलं तर फोडू नकोस, फोडलंस तर कोलमडशील." मी फोडलं नाही.

ज्यासाठी तू तिथे गेलीस ते काय? आईला वाचवायला गेलीस म्हणावं तर वाक्य नीट बसत नाही. "तुला दोष दिला नाही." तुला, म्हणजे मला. मी सकाळपासून हे वाक्य सगळ्या बाजूंनी घासून बघतेय, आतून काहीतरी वेगळाच रंग निघतोय आणि तो मला बघायचा नाहीये.

सरळ विचारते. तुला काय वाटतं, त्याला कोणी मारलं?

टपालाने उत्तर देऊ नकोस. वकीलबाई सोमवारी तुला भेटायला येताहेत. त्यांच्याजवळ लिहून दे. ते पत्र मधे कोणी वाचणार नाही.

ठिपकी


बुधवार, १९ मार्च, सकाळ

ताई,

मी नाही मारलं.

हे आधी लिहिते, बाकीचं मग. मी नाही मारलं. माझ्या हाताला त्याचं रक्त कधी लागलं नाही. त्या वेळी मी कापडाखाली घोरत होते.

वकीलबाईंनी तुझी सहा पानं माझ्या हातात दिली आणि त्या स्वतः उठून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मी वाचलं. त्या संध्याकाळी आईने तुला न्हाणीघरात नेलं आणि माझा एप्रन दाखवला, खिशावर ठिपका असलेला, छातीवर रक्त. म्हणाली, "धाकटीनं केलंय. भांडण झालं, हातात हातोडी होती. तिला काही आठवतसुद्धा नाही, डोकं बधिर झालंय तिचं. तिला विचारू नकोस, विचारलंस तर वेडी होईल." आणि तू विचारलं नाहीस. एप्रन जाळलास. आणि पोलिसांनी भिंतीचा ताजा थर खरवडल्यावर, इतका बेमालूम हात आपल्या तिघींशिवाय कोणाचा नाही हे त्यांना कळल्यावर, तू पुढे होऊन म्हणालीस, मी.

एप्रन एकाच खुंटीवर असायचे गं तिन्ही. जो हाताला लागेल तो घालून ती निघायची, आणि वर आपल्यालाच ओरडायची, माझा कुठे गेला म्हणून. त्या दिवशी माझा लागला तिच्या हाताला. मी झोपायला जाताना शाळेच्या जिन्याजवळ काढून ठेवला होता.

तू मला खुनी समजत होतीस आणि तरी माझ्या जागी जाऊन बसलीस. दरवर्षी मला वाढदिवसाचं पत्र पाठवत राहिलीस. मी परत केलेलं प्रत्येक पाकीट पाहून तुला वाटलं, बिचारीला तोंड दाखवायची लाज वाटते. ताई, मला लाज वाटत नव्हती, मला तुझा राग येत होता. लाज आज वाटतेय. काल घरी येताना मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून रडले, आणि एक अनोळखी बाई मला हाताला धरून पलीकडे सोडून गेली.

एकीला सांगितलं तिनं केलं, दुसरीला सांगितलं हिनं केलं, आणि दोघींना बजावलं, एकमेकींना विचारू नका. बस्स, एवढंच केलं तिनं. आपण इतक्या शहाण्या मुली निघालो की खरंच विचारलं नाही.

आज सकाळी तिच्या डोळ्यांत थेंब घालताना माझा हात तिच्या कपाळावर होता. मऊ, गरम कपाळ. मला आवडतं ते अजून, हेही लिहून टाकते. ती म्हणाली, "तुझा हात थरथरतोय." म्हटलं, कालपासून घासकाम फार झालंय. "कुठे?" मी पटकन एका दवाखान्याचं नाव ठोकून दिलं.

पंचनाम्याचा हुकूम मिळालाय. पुढच्या बुधवारी, सव्वीसला, सकाळी अकरा वाजता. वकीलबाई म्हणतात, भिंत एक बाजू सांगेल, तुझी सही दुसरी. तू मात्र सहीला नाही म्हणालीस. "आईला या वयात इथे कशी बघू?" असं त्यांना म्हणालीस म्हणे. विचार कर ताई. तुला तिथे बघायला तिला सहा वर्षांत एकदा तरी यावंसं वाटलं का?

ठिपकी


मंगळवार, २५ मार्च, दुपार

ताई,

हे पत्र आणि कागद वकीलबाई उद्या एकदमच आणतील. आधी पत्र वाच.

घोटाळा झाला तो घरमालकीणबाईंच्या फोनमुळे. आज सकाळी मी सामान आणायला गेले होते, फोन आईने उचलला. "दुसरा हात कधी मारणार? एक भिंत करून पोरगी गायब झालीय." मी परत आले तर खुर्ची रिकामी. खुंटीवरची हत्यारांची पिशवीही नव्हती. मी धावले. आयुष्यात एवढी धावले नव्हते. रिक्षा दिसेना, चप्पल तुटली, ती हातात घेऊन धावले. एकच डोक्यात, घासपेपरचे चार फटके की ताईची सहा वर्षं भुशासारखी खाली पडतील.

दार उघडं होतं. दहा वाजले असतील, खिडकीतून ऊन भिंतीवर आलं होतं. आईने मेन स्विच बंद केला होता, प्लेट उघडून जमिनीवर ठेवली होती, स्क्रू एका ओळीत मांडले होते. काळा चष्मा लावून ती भिंतीला नाक टेकवून उभी होती आणि घासत होती. सगळा हात पांढरा झाला होता.

"आलीस?" ती वळली नाही. पावलं ओळखते ती. "बरं झालं. बघ गं, गेलं का?"

"काय?"

"वेड पांघरू नकोस. पेन्सिल."

मी जवळ गेले. ताई, तिने खोक्याची वरची बाजू घासून काढली होती. आपण नेहमी वरच लिहितो ना. त्या दिवशी वर माझी ओळ होती म्हणून तिने खाली लिहिलं, हे ती विसरली होती आणि तिला दिसत तर नव्हतंच. माझा ठिपका गेला होता. खाली तिचा सात आणि तिचा गोल जसाच्या तसा होता. तिच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर.

मग मी विचारलं. सहा वर्षं न विचारल्यावर एकदा तरी विचारायलाच हवं होतं.

"त्याला का मारलंस?"

"तुला घेऊन चालला होता. मला इथे बोलावलं, हसत. परवानगी मागायला नव्हे, सांगायला. माझ्या हातात हातोडी होती." ती हात झटकत होती. "माझा विचार नव्हता. झालं ते झालं."

"आणि ताई? ताईच का?"

ती माझ्याकडे वळली. काळ्या काचांत मला मीच दिसत होते, दोनदा. ती अगदी समजावणीच्या सुरात बोलली, लहानपणी मिश्रण शिकवायची तशी.

"कोणीतरी जाणार होतं. मी गेले असते तर दुकान गेलं असतं. तू गेली असतीस तर रंग कोणी जुळवला असता? तुझ्यासारखी नजर माझीही नाही. ती नुसती ब्रश मारायची, बाळा. ब्रश मारणारे मिळतात."

ताई, हे तुला लिहू नये असं वाटलं. मग ठरवलं, लिहायचंच. तू तिच्यासाठी सही करत नाहीयेस, तर ती तुझ्याबद्दल काय म्हणाली ते तुला माहीत हवं. तिच्या आवाजात राग नव्हता की माया नव्हती. दोन डब्यांतला कुठला आधी संपवायचा, एवढाच विचार होता.

"गेलं का सांग ना," ती म्हणाली.

मी भिंतीकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"गेलं, आई."

"नक्की?"

"माझी नजर कधी चुकलीय?"

ती हसली. मोकळं, समाधानाने. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला, "बसव मग," म्हणाली. मी प्लेट बसवली. चारही स्क्रू घट्ट पिळले. माझे हात अजिबात थरथरले नाहीत, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. मग तिला हाताला धरून जिना उतरवला, घरी आणली, हात धुतले, थेंब घातले. चहा पिऊन ती आत झोपलीय. मी बाहेरून तिच्या घोरण्याचा आवाज ऐकत लिहितेय.

उद्या अकरा वाजता प्लेट उघडेल. पंच असतील, कॅमेरा असेल. मी दाराशी उभी राहीन आणि आज ती जे बोलली ते सगळं सांगेन. माझी जुनी साक्ष खोटी होती हेही. त्याची शिक्षा मला होईल असं वकीलबाई म्हणाल्या. होऊ दे. मग आईला सांगेन. ते सांगणं मला कसं सोसवणार आहे ते मला ठाऊक नाही, पण सांगायला मीच जाणार, पोलीस नाहीत.

तू मला वाचवायला खोटं बोललीस, ताई, आणि मी तर काही केलंच नव्हतं. आता मला वाचवायचं काही उरलं नाही. आईला वाचवायचा हक्क तुझा नाही, तो त्याचा होता आणि तो मेला. राहता राहिलीस तू. तुझ्यावाचून माझं दुकान चालेल, रंग जुळतील, ब्रश मारणारे मिळतील. मला माझी बहीण हवी आहे.

कागद याच पाकिटात आहे, सहीची जागा शेवटच्या पानावर. आधी सही कर, मग रड. दोन्ही एकदम केलंस तर शाई पसरेल आणि वकीलबाईंना पुन्हा यावं लागेल.

ठिपकी